पतसंस्थेचा खातेउतारा, वेब पानावरून पीडीएफ: प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

काम असं आहे. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचं वेब सॉफ्टवेअर आपण सांभाळतो, लॅराव्हेलमध्ये, म्हणजे पीएचपी भाषेच्या एका फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं, आणि त्यात खातेउतारा स्क्रीनवर एकदम व्यवस्थित दिसतो. आतापर्यंत काउंटरवरच्या ताई ब्राउझरमधूनच कंट्रोल-पी दाबायच्या आणि प्रत्येक कॉम्प्युटरवरून वेगळंच काहीतरी छापून यायचं, एका ठिकाणी वर तारीख आणि खाली यूआरएल, दुसरीकडे शिल्लकेचा कॉलम उजवीकडून अर्धा कापलेला, तिसरीकडे कुणीतरी कधीतरी स्केल ८० टक्के करून ठेवलेलं आणि ते तसंच चालू. आता मॅनेजर साहेबांना पीडीएफ हवीय. सर्व्हरवरच तयार होणारी, सभासदाला व्हॉट्सॲपवर टाकता येईल अशी, आणि ३१ मार्चअखेरचे सगळे उतारे वार्षिक सभेच्या आधी, म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत, एका दमात काढता येतील अशी.

मागण्या लिहून घेतल्या. मराठी मजकूर, मराठी आकडे, ए-फोर कागद, प्रत्येक पानावर कॉलमची शीर्षकं, पान नंबर, पासवर्ड. आणि शेवटी उठता उठता साहेब म्हणाले, "आणि हो, पानाच्या तळाला बेरीज 'पुढील पानावर' आणि दुसऱ्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून' पाहिजेच बरं का, ऑडिटर आधी तेच बघतात."

मला धाक त्याच वाक्याचा आहे. बाकी सगळं कुठल्या ना कुठल्या लायब्ररीवर (तयार कोडवर) ढकलता येतं, हे नाही. एचटीएमएलला पान म्हणजे काय ते माहीतच नसतं, मजकूर नुसता खाली खाली वाहत जातो, आणि पान कुठे तुटणार हे पीडीएफ बनवणारं इंजिन शेवटच्या क्षणी ठरवतं. बेरीज मात्र आपल्याला त्याच्या आधी माहीत पाहिजे.

१८ जून

लायब्ररी निवडायच्या आधी कसोटीचं एक पान बनवलं. गिटहबवरचे स्टार मोजून आणि इंग्रजी इन्व्हॉइसचा डेमो बघून लायब्ररी घेणारे लोक नंतर मराठीला येऊन अडकतात, म्हणून आपल्या डेटातले सगळ्यात वाईट शब्द आधी. लक्ष्मीबाई, श्रीकृष्ण, उद्धव, शिल्लक, व्याज, द्वितीय, ट्रॅक्टर कर्ज, ॲडव्हान्स, ऑगस्ट, कुऱ्हाडे, वऱ्हाडे. ॲ मुद्दाम घेतला, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टांमध्ये ते नसतंच, त्या जागी चौकोन येतो. आणि ताई रोज "ॲडव्हान्स" टाइप करतात.

कुऱ्हाडे हा तर डेटाबेसमध्येच दोन प्रकारे सापडला. काही नोंदींत ऱ हे वेगळं अक्षर अधिक हलन्त, आणि काहींत साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पण मधे कुठलाही 'साफसफाई' करणारा कोड असला आणि त्याने अदृश्य कॅरेक्टर म्हणून तो जॉइनर उडवला की कुऱ्हाडेचं कुर्हाडे होतं, ह वर रफार चढतो, आणि सभासद पावती परत घेऊन येतो. इनपुट ट्रिम करणारं आपलं मिडलवेअर तपासलं, जॉइनरला हात लावत नाही. तरी छापायच्या आधी सगळी नावं पहिल्या प्रकारात बदलून घेणारं छोटं फंक्शन टाकलं, नावाने शोधताना पण त्याचा उपयोग होईल.

टेबलसाठी भरपूर व्यवहारांचं एक खरं खातं घेतलं (नाव-नंबर बदलून), ज्यात तपशील कधी एका शब्दाचा तर कधी तीन ओळींचा.

२० जून

पहिला नंबर डॉमपीडीएफचा, एचटीएमएलची पीडीएफ करणारी पीएचपी लायब्ररी, कारण लॅराव्हेलवाले सगळे तिथूनच सुरू करतात. कंपोझरने घातलं, पान दिलं, सगळीकडे प्रश्नचिन्हं. ते अपेक्षितच होतं, त्याच्या सोबतच्या नेहमीच्या फॉन्टांत देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी जोडला. आता अक्षरं आली पण "शिल्लक"मधली पहिली वेलांटी श च्या आधी न येता नंतर आली, म्हणजे ती पुढच्या ल ची वाटते आणि वाचताना "शलि्‌लक" असं काहीतरी होतं. व्याजमध्ये व् ला हलन्त तसाच लटकलेला. लक्ष्मीबाईंचं तर विचारूच नका.

कारण सरळ आहे. देवनागरीत साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम वेगळा असतो, ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि काढताना आधी, जोडाक्षरांसाठी फॉन्टच्या आत वेगळे आकार असतात आणि कुठला आकार कधी घ्यायचा याचे नियमही फॉन्टमध्येच लिहिलेले असतात. ते नियम वाचून अक्षरं मांडायचं काम शेपिंग इंजिनचं, हार्फबझ हे त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. डॉमपीडीएफ ते करत नाही, एकेक कॅरेक्टर घेतं आणि ओळीने मांडतं. इंग्रजी बिलासाठी ते आजही उत्तम आहे, हलकं, कुठल्याही शेअर्ड होस्टिंगवर चालतं. आपल्यासाठी विषय संपला. टीसीपीडीएफ, अशीच दुसरी लायब्ररी, याच कारणाने बघितलंच नाही.

२४ जून

एमपीडीएफ. हे पण शुद्ध पीएचपी, पण यात ओपनटाइपचे, म्हणजे फॉन्टमधले ते जोडाक्षरांचे नियम वाचायची सोय आहे. फॉन्टच्या सेटिंगमध्ये यूझओटीएल चालू करायचं, ते नाही केलं तर डॉमपीडीएफसारखंच दिसतं आणि लोक "एमपीडीएफला मराठी जमत नाही" म्हणून सोडून देतात. चालू केल्यावर कसोटीचं पान जवळपास स्वच्छ आलं. कुऱ्हाडे पण बरोबर. खरं सांगायचं तर साध्या पावतीसाठी, एक पान, एक लहान टेबल, मी आजही हेच घेईन, सर्व्हरवर वेगळं काही बसवायला लागत नाही.

अडलं ते मोठ्या टेबलला. एक तर आपलं स्क्रीनचं पान फ्लेक्सबॉक्सवर आहे आणि एमपीडीएफला फ्लेक्स-ग्रिड कळत नाही, म्हणजे छापायसाठी सगळं परत टेबलं आणि फ्लोट वापरून लिहायचं. दुसरं, टेबल रुंदीला मावत नसेल तर ते आपोआप अक्षरं बारीक करतं, मग एका सभासदाचा उतारा मोठ्या अक्षरात आणि शेजाऱ्याचा बारीक. ते बंद करता येतं म्हणा. तिसरं, एचटीएमएल मोठं झालं की पीसीआरईच्या (पीएचपीतल्या मजकूर-शोधाच्या) बॅकट्रॅक लिमिटची एरर देऊन थांबतं आणि म्हणतं तुकडे करून दे, पण टेबल मधेच तोडून तुकडे कसे देणार.

डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफवर वेळ घालवला नाही. एके काळी सगळे तेच वापरायचे, आपल्या दुसऱ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये अजून चालू पण आहे, पण आतलं इंजिन क्यूटी वेबकिट, कधीच मागे पडलेलं, शेवटची आवृत्ती २०२० ची आणि २०२३ च्या जानेवारीत रेपो आर्काइव्ह झाला. नवीन कामात ते आणणं म्हणजे बंद पडलेल्या कंपनीची मोटर विहिरीत सोडणं, आज पाणी येईल पण पार्ट कुठून आणणार.

१ जुलै

उरले दोन, वीझीप्रिंट आणि हेडलेस क्रोम, म्हणजे खिडकी न उघडता चालणारा क्रोम ब्राउझर.

वीझीप्रिंट पायथनमधलं आहे आणि ते मला मनापासून आवडलं. छापील पानांसाठीचं सीएसएस (मांडणीचे नियम) इतक्या नीट पाळणारी फुकटची दुसरी गोष्ट कमीच असेल. पॅंगो आणि हार्फबझ वापरत असल्यामुळे मराठी पहिल्याच फटक्यात बरोबर. त्यात स्ट्रिंग-सेट आहे, म्हणजे प्रत्येक ओळीतली शिल्लक एका नावाने लक्षात ठेव आणि पानाच्या तळाच्या चौकटीत त्या पानावरची शेवटची दाखव, असं निव्वळ सीएसएसमध्ये सांगता येतं. 'पुढील पानावर' जवळजवळ फुकटात मिळाल्यासारखं वाटलं. पण ती चौकट टेबलच्या बाहेर, पानाच्या मार्जिनमध्ये असते, आणि ऑडिटरला जमा, नावे आणि शिल्लक तिन्ही आकडे आपापल्या कॉलमच्या बरोबर खाली पाहिजेत. शिवाय टेबल लांबलं की ते चांगलंच हळू होतं, आणि जावास्क्रिप्ट चालवत नाही त्यामुळे आत काही मोजता येत नाही.

क्रोमचं उलटं. छापील सीएसएसमध्ये बरीच वर्षं मागे होता, पण स्क्रीनवर दिसतं तेच मिळतं, आपले ब्लेडचे (लॅराव्हेलच्या पानांचे) टेम्प्लेट तसेच्या तसे चालतात, आणि पानाच्या आत कोड चालवून ओळींची उंची मोजता येते. हे शेवटचं कारण निर्णायक. क्रोमला कोडमधून चालवणारी लायब्ररी, पपेटिअर, घेतली.

पीएचपीतून सरळ ब्राउझरशॉट (पीएचपीतून पपेटिअर चालवणारं पॅकेज) वापरता आला असता, पण तो नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक पीडीएफला नवा नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आणि नवा क्रोम उठवतो, बॅचमध्ये ते परवडणार नाही. म्हणून नोडमध्ये छोटी वेगळी सर्व्हिस, लॅराव्हेल तिला एचटीएमएल पाठवणार, ती पीडीएफ परत देणार. एक क्रोम कायम उघडा, प्रत्येक कामाला नवीन टॅब.

८ जुलै

लॅपटॉपवर सगळं छान, डॉकरमध्ये (सर्व्हरवरच्या बंदिस्त कंटेनरमध्ये) टाकलं आणि पूर्ण उताऱ्यावर चौकोनच चौकोन. कंटेनरच्या स्लिम, म्हणजे कमीत कमी सामान असलेल्या इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसतोच, लॅपटॉपवर सिस्टिमचा फॉन्ट गुपचूप मदतीला येत होता. फॉन्ट आता प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवलाय आणि फॉन्ट-फेसने बेस-६४ करून सीएसएसमध्ये घातलाय, इंटरनेटवरून काहीही आणायचं नाही. मंगल टाका असं संस्थेतून सुचवलं गेलं कारण वर्डमध्ये तोच दिसतो, पण तो विंडोजसोबत येणारा लायसन्सचा फॉन्ट आहे, उचलून लिनक्स सर्व्हरवर ठेवता येत नाही. नोटो आणि मुक्ता दोन्ही ओपन लायसन्सचे, आकडे बघून मुक्ता घेतला.

इथे एक गोष्ट लिहून ठेवतो. फॉन्टची व्हेरिएबल फाइल (सगळ्या जाड्या एकातच असलेली) देऊ नका. क्रोम ती पीडीएफमध्ये टाइप-३ म्हणून घालतो, म्हणजे नेहमीचा फॉन्ट न राहता प्रत्येक अक्षर चित्रासारखं काढलं जातं. पीडीएफफॉन्ट्स कमांड चालवली की यादीत लगेच दिसतं. ४०० आणि ७०० अशा दोन साध्या फाइली दिल्या, आता यादीत नीट सबसेट दिसतो, एम्बेड झालेला, आणि फाइलही लहान.

एचटीएमएलच्या मूळ टॅगला लँग एमआर लावलं. ज्या फॉन्टात मराठी ल आणि श ची रूपं वेगळी दिलेली असतात तिथे ती त्यामुळेच येतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात. कुणी तक्रार करत नाही पण दिसायला फरक पडतो.

डॉकरमधलीच अजून एक, शेअर्ड मेमरीची जागा मुळात ६४ एमबीच असते आणि मोठ्या पानाला क्रोम त्यावरून कोसळतो. डिसेबल-डेव्ह-एसएचएम-युसेज हा फ्लॅग लावायचा. आणि कंटेनर इनिट लावून चालवायचा, नाहीतर मेलेल्या प्रोसेस साठत जातात.

१५ जुलै

आज बेरजेचं काम हातात घेतलं.

आधी सोपा विचार. ए-फोर २९७ मिमी, वर १५ आणि खाली १८ सोडले तर २६४ उरतात. पहिल्या पानावर संस्थेचं नाव-पत्ता-खातेदार ४२ मिमी, टेबलचं शीर्षक ९, तळाची बेरीज ७. राहिले २०६, ओळ ७ मिमीची धरली तर २९ ओळी. पुढच्या पानांवर शीर्षक ९ आणि वरखालच्या दोन बेरजा १४ वजा करून २४१, म्हणजे ३४ ओळी. पीएचपीमध्येच तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याची बेरीज काढा, झालं.

हे चालतं, पण एका ओळीची उंची ठरलेली असेल तरच. आपल्याकडे तपशिलात "ऊस बिल दुसरा हप्ता कारखान्याकडून एनईएफटीने जमा" असं असतं, त्याच्या दोन ओळी होतात, आणि अशा चार-पाच नोंदी एका पानावर आल्या की तळाची बेरीज ढकलली जाऊन पुढच्या पानावर एकटीच जाऊन बसते. तपशील एका ओळीत कापून पुढे टिंबं द्यावीत का म्हणून साहेबांना फोन केला. "तपशील अजिबात कापायचा नाही, भांडणं सगळी तिथनंच सुरू होतात." बरं.

१६ जुलै

म्हणजे मोजणं आलं. पद्धत अशी ठरली: सगळ्या ओळी आधी एकाच लांब टेबलमध्ये पानावर मांडायच्या, डॉक्युमेंट-फॉन्ट्स-रेडीची, म्हणजे फॉन्ट पूर्ण लोड होण्याची वाट बघायची, मग प्रत्येक ओळ खरंच किती उंच झाली ते ब्राउझरलाच विचारायचं, आणि त्या उंच्या बेरजेला लावत लावत पान भरलं की तिथे तोडायचं. तोडताना तोपर्यंतची जमा, नावे, शिल्लक घेऊन तळाला एक ओळ, आणि नवीन सेक्शनच्या डोक्यावर तीच ओळ परत. सगळे सेक्शन झाले की मूळ लांब टेबल काढून टाकायचं आणि मगच पीडीएफ मागायची.

यात जे जे आडवं आलं ते सगळं लिहितो, कारण हे कुठेच एकत्र लिहिलेलं सापडलं नाही.

मोजण्याआधी मीडिया टाइप प्रिंट करून घ्यायला लागतो. पीडीएफ काढताना क्रोम प्रिंटचं सीएसएस लावतो, पण त्याआधी पानात कोड चालवला तर ते स्क्रीनच्या सीएसएसवर चालतं, मग मोजमाप एकाचं आणि छपाई दुसऱ्याची.

रुंदी मिमीमध्ये बांधायची. दोन्हीकडे १२ मिमी सोडले तर २१० पैकी १८६ उरतात, सीएसएसचा इंच ९६ पिक्सेलचा असल्यामुळे ते साधारण ७०३ पिक्सेल. टेबलच्या भोवतीच्या डिव्हला सरळ १८६ मिमी रुंदी दिली, म्हणजे खिडकी कितीही मोठी असो, मजकूर तिथेच वळतो जिथे कागदावर वळणार आहे.

टेबल-लेआउट फिक्स्ड आणि प्रत्येक कॉलमला ठरलेली रुंदी. हे नाही केलं तर तुकडे पाडल्यावर प्रत्येक पानाचं टेबल आपापल्या मजकुराप्रमाणे रुंदी ठरवतं, शिल्लकेचा कॉलम पानागणिक इकडे तिकडे सरकतो, आणि आधी मोजलेल्या उंच्याही खोट्या ठरतात.

बॉर्डर-कोलॅप्स (शेजारच्या चौकटींची रेघ एकच) असताना नुसत्या उंच्यांची बेरीज फसवते, अर्ध्या अर्ध्या रेघांचा हिशोब लागत नाही. म्हणून ओळीची उंची विचारायची नाही, पुढच्या ओळीचा वरचा काठ वजा या ओळीचा वरचा काठ घ्यायचा. ते बरोबर येतं.

पान अगदी काठोकाठ भरायचं नाही. २६४ मिमी म्हणजे ९९७ पिक्सेल आणि वर काहीतरी अपूर्णांक, त्या अपूर्णांकावरून सेक्शन किंचित जरी ओसंडला तरी मधे एक कोरं पान घुसतं. दोन-तीन पिक्सेल सोडून दिले. शेवटच्या सेक्शनला ब्रेक-आफ्टर (यानंतर नवीन पान) लावायचा नाही, तिथेही कोरं पान येतं.

आणि शेवटच्या पानावर नुसती अखेरची बेरीज आणि सहीची जागा उरत असेल तर आधीच्या पानावरून दोन व्यवहार खाली ओढून आणायचे. एकही व्यवहार नसलेल्या पानावर सही कोण करणार, आणि करूही नये.

पपेटिअरचा मूळ कागद लेटर आहे, ए-फोर नाही, आणि लेटर २७९ मिमीच उंच असतो. प्रिफर-सीएसएस-पेज-साइझ (सीएसएसमध्ये दिलेला कागद वापर) चालू केल्याशिवाय वरचं सगळं गणित वाया.

२१ जुलै

पान नंबर. पपेटिअरच्या फूटर टेम्प्लेटमध्ये पान नंबर मिळतो पण तो इंग्रजी आकड्यातच, त्या टेम्प्लेटमध्ये स्क्रिप्ट चालत नाही आणि पानाचं सीएसएसही तिथे लागू होत नाही, म्हणजे १-२-३ करायला वाव नाही. क्रोम १३१ पासून मात्र ॲट-पेजच्या मार्जिन बॉक्सेस (पानाच्या मार्जिनमधल्या चौकटी) आल्यात, तिथे काउंटर-पेजला देवनागरी म्हटलं की झालं, "पान २ / ५" असं येतं.

तसं बघायला गेलं तर उताऱ्यात पानं आपणच पाडतोय, नंबर पण आपणच सरळ लिहू शकतो, आणि तेच केलं. मार्जिन बॉक्स बाकीच्या अहवालांना वापरल्या, थकबाकी यादी वगैरे, जिथे बेरीज पुढे न्यायची नाही. त्या यादीत टी-हेड (टेबलचं शीर्षक) आपोआप प्रत्येक पानावर येतं. एकूण बेरीज टी-फूटमध्ये (टेबलच्या तळाच्या भागात) ठेवू नका, तीही प्रत्येक पानावर छापून येते आणि वाचणाऱ्याला ती त्या पानाची वाटते. टी-बॉडीची शेवटची ओळ म्हणून टाकायची.

२९ जुलै

आकडे. पीएचपीच्या इंटल एक्स्टेंशनला एमआर-आयएन सांगितलं की १,२५,०००.०० असं लाख-हजाराच्या स्वल्पविरामासकट मराठीत येतं. अक्षरी रुपये मात्र हाताने. इंग्रजीसारखं वीस अधिक एक असं जोडून चालत नाही, नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं, म्हणून सरळ यादीच लिहिली आणि ती संस्थेतल्या निवृत्तीला आलेल्या हेड क्लार्ककाकांकडून तपासून घेतली. काकांनी पेनाने दुरुस्त्या करून कागद परत दिला, वर "शेवटी 'फक्त' लिहायला विसरू नका" अशी सूचना. टाकलं.

५ ऑगस्ट

सुरक्षेचं आज बसून केलं. लोक हे सोडून देतात, कारण पीडीएफ म्हणजे नुसता कागद वाटतो. पण सर्व्हरवर एक पूर्ण ब्राउझर बसलाय आणि त्याला आपण लोकांनी टाइप केलेला मजकूर खायला देतोय. तपशिलाच्या रकान्यात कुणी आयफ्रेम टॅग लिहून आतला पत्ता फाइल-स्लॅश-स्लॅश असा सर्व्हरवरच्याच फाइलचा दिला, किंवा क्लाउड सर्व्हरच्या अंतर्गत माहितीचा, म्हणजे मेटाडेटाचा पत्ता १६९.२५४.१६९.२५४ दिला, तर तो ब्राउझर इमानदारीने ते उघडून पीडीएफमध्ये छापून देऊ शकतो.

म्हणून: ब्लेडमध्ये सगळीकडे एस्केप केलेलंच (टॅगची चिन्हं निष्प्रभ करून) छापायचं, न एस्केप करणारी पद्धत या टेम्प्लेटमध्ये बंद. रिक्वेस्ट इंटरसेप्शन (क्रोमची प्रत्येक मागणी अडवून बघणं) लावून डेटा यूआरएल, म्हणजे पानातच भरलेल्या फाइली सोडून बाकी सगळ्या रिक्वेस्ट तोडून टाकल्या, फॉन्ट आणि लोगो आतच असल्यामुळे काही अडत नाही. कंटेनरला बाहेरचं नेटवर्क नाही. क्रोम रूट म्हणून चालवायचा नाही. इंटरनेटवर जिथे तिथे नो-सँडबॉक्स (क्रोमचं संरक्षक कुंपण बंद) लावा म्हणून सांगितलेलं असतं, एरर जाते हे खरं, पण जाते ती संरक्षणाची भिंत काढून. वेगळा युजर बनवून सँडबॉक्स चालू ठेवला, थोडी खटपट झाली.



१४ ऑगस्ट

सगळ्या खात्यांची बॅच रात्री रांगेत लावली, काही हजार खाती. सुरुवातीला जोरात, मग मेमरी चढत चढत दोन जीबीचा सर्व्हर गुदमरला. एरर आलेल्या कामाचा टॅब उघडाच राहत होता, बंद करणं आता फायनलीमध्ये, म्हणजे एरर आली तरी चालणाऱ्या कोडमध्ये. एका वेळी दोनच टॅब, आणि ठरावीक पीडीएफ झाल्या की क्रोम पूर्ण बंद करून नवा. वेग थोडा कमी झाला, पण रात्र आपलीच आहे.

फाइलचा आकार बघितला तर प्रत्येकी जवळजवळ तीन एमबी. पाहतो तर काय, संस्थेने दिलेला लोगो स्कॅन केलेला अवाढव्य जेपीईजी, कागदावर जेमतेम दोन सेंटिमीटर. एसव्हीजी करून घेतला.

तपासणीसाठी पीडीएफ-टू-पीपीएम वापरून कसोटीच्या पानांची चित्रं काढायची आणि आधीच्या चित्रांशी ताडून बघायची, असं सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) घातलं. क्रोम अपडेट झाला की ओळ कुठे वळते यात बारीक फरक पडू शकतो, ते सभासदाच्या आधी आपल्याला कळलेलं बरं.

२२ ऑगस्ट

संस्थेत छापून दाखवलं. बेरजा जुळल्या, ऑडिटरच्या असिस्टंटने कॅल्क्युलेटर घेऊन तीन पानं तपासली. नापसंती निघाली ती रंगावर. एक सोडून एक ओळीला हलका राखाडी पट्टा होता, स्क्रीनवर मस्त दिसायचा, त्यासाठी प्रिंट-बॅकग्राउंड मुद्दाम चालू केलेलं. त्यांचा लेझर प्रिंटर जुना, पट्टे ठिपक्याठिपक्यांचे येतात आणि ताई म्हणाल्या, "सर, टोनर किती खाईल हे." पट्टे काढले, बारीक आडव्या रेघा ठेवल्या. उगाच ब्राउझरच्या सवयी कागदावर नेऊ नयेत.

२ सप्टेंबर

पासवर्ड. क्रोम पीडीएफला कुलूप लावत नाही, ते नंतर क्यूपीडीएफ नावाच्या टूलने, २५६ बिट एन्क्रिप्शन. पासवर्ड कमांड लाइनवर लिहिला तर सर्व्हरवरच्या प्रोसेसच्या यादीत दिसतो, म्हणून फाइलमधून दिला.

पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर मोडका येतो अशी तक्रार एका संचालकांकडून आली, त्यांना उतारा एक्सेलमध्ये चिकटवायचा होता. पीडीएफमध्ये मुळात अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा असतात, त्यावरून परत मजकूर जुळवणं हे उघडणाऱ्या ॲपच्या वकुबावर, आणि जोडाक्षरांत बऱ्याच ॲपची दांडी उडते. त्यांना सांगितलं की एक्सेलचं बटण वेगळं देतो. माहिती डेटाबेसमध्ये शाबूत असताना ती छापील कागदातून उकरून काढायची गरजच काय.

११ सप्टेंबर

सगळे उतारे निघाले. लगेच नवीन मागणी: ठेव पावती, आधीच छापलेल्या रंगीत स्टेशनरीवर, फक्त नाव, रक्कम, मुदत, व्याजदर ठरलेल्या जागी उमटवायचे. मिमीमध्ये ॲब्सोल्यूट पोझिशन देऊन पान केलं, मागे स्टेशनरीचं स्कॅन फक्त स्क्रीनवर दिसेल असं ठेवलं, पीडीएफमध्ये नाही. नमुना छापला तर सगळं वर डावीकडे मिळतंय आणि खाली जाईल तसं सरकतंय. प्रिंटच्या डायलॉगमध्ये 'फिट' होतं, त्याने पान किंचित आकसतं. 'ॲक्च्युअल साइझ' केल्यावर रकान्यात बसलं. पण ताईंनी दर वेळी ते बघावं ही अपेक्षा चुकीची. पीडीएफच्या आतच प्रिंट-स्केलिंग नन असं लिहायची सोय आहे, ॲडोब रीडर ते वाचून डायलॉग तसाच उघडतो. क्रोम ते लिहून देत नाही, म्हणून पासवर्डच्या आधीची पायरी म्हणून पिकेपीडीएफ या पायथन लायब्ररीने घालायचं. सोमवारी ते, आणि काउंटरच्या तिन्ही कॉम्प्युटरवर रीडर टाकून घ्यायचा.